शेवटची वाफ

२० ऑक्टोबर
आलो एकदाचा कोहत्लाच्या तेल कारखान्यावर! काम सोपं. तेलखडक भाजून तेल काढलं की उरलेली राख पाण्यात कालवून तळ्यात सोडायची. पाणी पिऊन ती आवळते, दगड होते. मुकादम एंडेल म्हणाला, विटांना तीच वापर, फुकट आहे. बायको हेल्वे पोटुशी आहे, आठवड्यातून एकदा सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ती यायच्या आत सौना उभी करणार म्हणजे करणारच.

२६ ऑक्टोबर
तळ्याचा उत्तरेकडचा जुना राखेचा बांध फोडून विटा आणल्या. एंडेल भडकला. म्हणाला, मागच्या वर्षी काल्यू नावाचा गडी तिथेच ओल्या राखेत गेला, राख आवळली, हाडूकही सापडलं नाही. ती राख तिथेच राहू दे. म्हटलं, राख ती राख! भिंती झकास झाल्यात.

२ नोव्हेंबर
आत्म्यांचा दिवस. सौना तयार. रीतीप्रमाणे शेवटची वाफ मेलेल्यांसाठी ठेवली, आईबापांना हाक मारली. काल्यूला बिचाऱ्याला कोण बोलावणार? त्यालाही बोलावलं. मग दार उघडून सगळ्यांना निरोप दिला. निरोप दिला नाही तर पाहुणे मुक्काम ठोकतात.

३ नोव्हेंबर
सौनातली भरलेली बादली रिकामी. दाराजवळची भिंत ओली, फुगलेली. एंडेलला हे सांगितलं, काल्यूला बोलावून निरोप दिल्याचंही सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "जा म्हणालास खरा, पण जाईल कुठे? तो तर भिंतीतच आहे."

५ नोव्हेंबर
बादली बाहेर काढली, कुलूप लावलं. फुगवट्याला बोटं आलीत. मला भीती वाटते. हेल्वे रविवारी येणार, त्याआधी ही भिंत पाडून टाकतो.

६ नोव्हेंबर
कुदळ बसत नाही. टवकासुद्धा नाही. उद्या घण—

७ नोव्हेंबर
कामावरून आलो तर सौनाच्या धुराड्यातून धूर. हेल्वे एक दिवस आधीच आली. कुलपाची किल्ली घरातल्या खिळ्यालाच टांगलेली होती. मूर्ख मी—

दार नाही. दाराच्या जागी भिंत, गरम, ओली. हेल्वे आतून हाका मारत होती. ओरडून सांगितलं, पाणी टाकू नकोस, पाण्यानेच राख आवळते.

म्हणाली, "अरे, मी नाही टाकत. तो टाकतोय."

राख हातांनी ओरबाडली. डावा हात आत रुतला, निघत नाही. हाका ऐकून आलेला एंडेल घण आणायला धावलाय. खिशातल्या वहीत लिहितोय. कुणी आलंच तर माझा हात तोडा, पण आधी तिला—

आत पाणी चुरचुरतंय. हेल्वेचा आवाज येत नाही.

भिंतीतून कुणीतरी माझी बोटं धरली. तिची नाहीत. तिची बोटं मी ओळख—