केकवर आपट्याची पानं

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी.
किशोरी उरणला गेली. तिच्या बहिणीचा, मैनाचा, पाय मोडलाय. शनिवारी संध्याकाळी परत. जाताना बजावून गेली की या आठवड्यात केकची एकही ऑर्डर घ्यायची नाही, या उकाड्यात क्रीम टिकत नाही. आणि ओव्हनला हात लावायचा नाही. मी बरं म्हटलं. बरं म्हणजे ऐकलं. कबूल केलं असं नव्हे.

त्याच दिवशी, दुपारी.
सोसायटीच्या सेक्रेटरी कुमुदताईंचा फोन. दसऱ्याला गच्चीवर कार्यक्रम आहे. पोरांचा डान्स, थीम 'ऑटम'. केकही ऑटमचा हवा, बिनअंड्याचा, आणि किशोरीच्याच हातचा. शांतपणे विचार करून हो म्हटलं. विचार हो म्हटल्यावर केला.

आता हे फक्त माझ्यापुरतं लिहून ठेवतो. तळोज्याच्या रंगाच्या कंपनीत मी सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. माझ्या सहीशिवाय एक डबा गेटबाहेर गेला नाही. जूनमध्ये व्हीआरएस घेतली. तिकडे बॅचेस अडून पडल्या असणार, फोन करायला लाजत असतील. पण घरात मला काम नाही. बायको केक करून विकते, मी पेपर वाचतो. मग ती म्हणते, पाय वर घ्या, लादी पुसायची आहे. वाईट वाटतं. हा केक जमला की खोक्यावर 'किशोरी केक्स'च्या खाली माझं नाव घालायला सांगणार. बारीक अक्षरात चालेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
ऑटमचा अभ्यास केला. परदेशात म्हणे झाडं लाल-पिवळी होतात आणि पानं गळतात. पनवेलला ऑक्टोबरात फक्त घाम गळतो. मग सुचलं, आपटा! ऑटम पण झाला, दसरा पण झाला. केकभर साखरेची सोनेरी पानं. कुमुदताई फोनवर जवळजवळ ओरडल्याच. लगेच ग्रुपवर टाकलं, 'केक: आपल्या किशोरीताई.' अंगठ्यांवर अंगठे आले. त्यात किशोरीची सगळी गिऱ्हाइकं. फोन उपडा ठेवला. चार्जिंग वाचतं.
किशोरीला ग्रुप बघायला वेळ नाही. उत्तम.

९ ऑक्टोबर, बुधवार.
ट्रायल बॅच. मैदा, दही, साखर, सोडा. केक म्हणजे शेवटी मोजमाप. दर पाच मिनिटांनी ओव्हनचं दार उघडून तपासणी केली. तपासणीशिवाय क्वालिटी नाही. केक छान फुगत होता, मग मधोमध खाली बसला.
कारण: सोडा जुना.

१० ऑक्टोबर, गुरुवार.
नवा सोडा आणला. तपासणी वाढवली, दर तीन मिनिटांनी. केक कालच्यापेक्षा जास्त बसला.
कारण: व्होल्टेज.
किशोरीचा फोन. जेवलात का? हो म्हटलं. सकाळी केक, दुपारी केक. फेकायचा तर कचरा नेणारी बघेल. मैनाने मागून विचारलं म्हणे, भाऊजींचा आवाज असा घोगरा का? तोंडात केक होता.

संध्याकाळी.
कुमुदताईंना सहज सुचवलं की या वर्षी केकऐवजी पेढे ठेवू, आपली संस्कृती. त्या म्हणाल्या, अहो भरतभाऊ, किशोरीताईंनी शब्द दिलाय ना! शब्द माझा आणि नाव तिचं. मागे फिरावं तर नाव तिचं जाणार, पुढे जावं तर केक बसणार. इकडे आड तिकडे विहीर. विहीर तर आता मला रोज करता येते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी.
ओव्हनला हळद-कुंकू वाहिलं. हत्यारांचा दिवस आहे, उगाच धोका नको. तरीही केक बसला. पाव किलो मैदासुद्धा उरला नाही.
कारण: अजून शोधलं नाही.

दुपारी.
डोकं शांत ठेवलं. भिंतीला भोक असलं तर रंगारी काय करतो? पुट्टी भरतो आणि वरून रंग मारतो. खड्ड्यात क्रीम भरलं. किशोरीचा बदामाच्या आकाराचा साचा घेऊन साखरेच्या कणकेची पानं कापली, शिरा काढल्या, वर सोनेरी भुकटी लावली. दाटीवाटीने खड्ड्यावर बसवली. हुबेहूब आपटा. हे काम खरंच सुंदर झालंय. मला रडूच आलं.

रात्री.
क्रीम पाघळू नये म्हणून केक बेडरूममध्ये एसीत ठेवला. दार उघडलं की गारवा जातो, म्हणून मीही आतच. सारखं संडासला बाहेर जावं लागू नये म्हणून प्यायचं पाणी कमी केलंय. केक आणि मी एकमेकांकडे बघत बसलो आहोत.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
शांतपणे लिहितो.
केक गच्चीवर पोचला. सगळे वा वा म्हणाले. फोटो निघाले. किशोरी उरणहून बॅग घेऊन थेट वर आली, केक बघितला, मग माझ्याकडे बघितलं. माझा प्लॅन पक्का होता, कडेकडेने कापायचा, मधला भाग पोरांनी अंधारात संपवायचा.

तेवढ्यात गोदूबाई आल्या. मूळच्या कोन गावच्या, आता मुलाकडे पहिल्या मजल्यावर. सोसायटीत सगळ्यांत मोठ्या. त्यांनी केकवरचं एक पान उचललं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, सोनं घे बाबा, सोन्यासारका ऱ्हा. मी पाया पडलो. आता सोनं घेतलं की द्यावं लागतं. रिकाम्या हाताने उभा राहणार कसा? जवळ दुसरं सोनं नव्हतं. मी केकवरचं पान काढून त्यांना दिलं.

मग रांगच लागली. जो तो पान उचलून मला देणार, मी पान काढून त्याला देणार. सणाचा दिवस, नाही कुणाला म्हणायचं? माझ्याच हातांनी मी खड्डा उघडा करत होतो आणि तोंडाने सोन्यासारखे राहा म्हणत होतो. शेवटचं पान मी काढलंच नाही. ते आपोआप क्रीममध्ये बुडालं.

गोदूबाईंनी वाकून बघितलं. म्हणाल्या, चव बरी आसंल, पन मदी विहीर कशाला खनलीस?

कुमुदताईंनी विचारलं, किशोरीताई, हा तुमचा केक? सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. किशोरीने बॅग खाली ठेवली आणि पोरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की नाही, हा आमच्या ह्यांनी केलाय. एकट्यांनी.
माझं नाव व्हावं असं मला वाटत होतं. झालं.

किशोरीने आज सगळ्यांना सोनं दिलं. मला दिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

१३ ऑक्टोबर, रविवार.
सकाळी वॉचमनने विचारलं, केकवाले साहेब तुम्हीच ना? गोदूबाईंनी दिलेलं पान खिशात विरघळलंय. शर्ट मीच धुवायचा आहे.
खोक्यावरच्या नावाचा विषय काढला नाही.

किशोरी कुमुदताईंसाठी दुसरा केक करतेय, फुकट. ओव्हनमध्ये ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेली. मला काही बजावलं नाही. मी समोर स्टूल टाकून बसलो. दोनदा हात पुढे गेला, दोनदा मागे घेतला. काचेतूनच बघत राहिलो. दार कुणीही उघडलं नाही. केक वर आला, सपाट, मधोमधसुद्धा.
कंपनीतही डबे जात असतील गेटबाहेर.

किशोरी बादली घेऊन आली. लादी पुसायची होती. मी पाय वर घेतले.