लोखंडी खुर्चीवरचा अर्धा तास

५ मार्च, गुरुवार
गोळा सव्वापाच मीटर! आमचे पी.टी.चे मोरे सर कौतुकाच्या बाबतीत महाकंजूस, तरी म्हणाले, "मॅडम, बावीस तारखेला जिल्ह्याचं मेडल आपलंच."
दहावीचं सुपरव्हिजन असल्यामुळे सराव दुपारी अडीचला. ऊन मरणाचं. फेकायची लोखंडी खुर्ची मैदानात रोवलेलीच असते, व्हीलचेअरवरून तिच्यावर सरकायचं आणि पट्ट्यांनी बांधून घ्यायचं. गादी सरकते, फेकताना कंबर डगमगते. मीच म्हटलं, काढा ती गादी. काढली, तर गोळा वीतभर पुढे गेला.
घरी येऊन आडवी झाले ती झालेच. रोज संध्याकाळी आरशात पाठीमागची कातडी तपासते, ते आज राहिलं. उद्या.

७ मार्च, शनिवार
कालही राहिलं. आज सकाळपासून पाय सारखे उडतायत. अपघाताला सहा वर्षं झाली, कंबरेखाली काही कळत नाही. पण खाली काही बिघडलं की पाय असे बोंब मारतात.
हात मागे नेला. ओलं. आरसा धरला. डाव्या कुल्ह्यावर तळहाताएवढा फोड, फुटलेला. एक कड अगदी सरळ, खुर्चीच्या पट्टीची.
भाजलंय. अर्धा तास तापल्या लोखंडावर बसले आणि वर टाळ्या घेतल्या. वर्गात पोरांना उष्णतेचं वहन मी शिकवते! लाज वाटली.
प्र.ला सांगितलं नाही. नवरा आहे, पण तो लगेच सगळं बंद करेल. मागे बसून-बसून जखम झाली, तेव्हा अकरा महिने पालथी होते. बेडवरून खुर्चीत घ्यायला दोन माणसं लागायची. दोन वर्षं दंड कमावले तेव्हा कुठे एकटी उठते-बसते. शुगरचं इंजेक्शन सुटलं, गोळीवर आले. गोळाफेक वगैरे नंतरचं. हे उठणं-बसणं गेलं तर

९ मार्च, सोमवार
घरातलंच मलम लावून गेले. सुपरव्हिजन तीन तास. जखमेवर भार नको म्हणून दर पंधरा मिनिटांनी हातांवर अंग उचललं, पोरांना वाटलं बाई कॉप्या बघतायत. सरावालाही गेले. हो, गेले. गादी घालून. चार मीटरसुद्धा पडला नाही. सर म्हणाले, "तब्येत बरी नाही का?" म्हटलं, जागरण झालं.

१० मार्च, मंगळवार
प्र.ला कळलं. चादर धुवायला काढताना डाग दिसला.
"कवाचं हाय हे?"
"गुरुवारचं."
"आन् मला आज कळतंय? मागल्या येळचं हाल इसरली का? तुला गोळा पायजे का जीव?"
"दोन्ही," म्हटलं. उगाच म्हटलं. कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस, भाजणं म्हणजे काय ते त्याला मी सांगायला नको. जखम त्यानेच धुतली. मला हात कळत नाहीत, पण पाणी त्याने तीनदा बदललं ते ऐकू आलं.

११ मार्च, बुधवार
नगरला दाखवलं. डॉक्टर: "ताई, भाजलेलं वर दिसतं तेवढंच नसतं. आत किती गेलंय ते आठ-दहा दिवसांनी कळेल. तोवर बसायचं नाही. अजिबात." आणि खोल गेलं असेल तर? "मग ऑपरेशन, आणि काही महिने पालथं."
हातांचा व्यायाम करू का, विचारलं. करा म्हणाले. एवढं एकच बरं बोलले.
संध्याकाळी मोरे सर आले. दारातच उभे. "उन्हातल्या गाडीच्या सीटवर हात लावल्याशिवाय मी बसत नाही. तुमच्या खुर्चीला नाही लावला." डोळे भरले होते. मला रागच आला. गादी मी काढायला लावली, रडायचा हक्क माझा.

१४ मार्च, शनिवार
पालथी. उशीवर हनुवटी, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. वीस, वीस, वीस.
प्र. ड्रेसिंग करताना मोबाईलवर फोटो काढतो आणि दाखवतो. पालथं पडून आरसा काही जमत नाही. कडा लाल, मधे पिवळं. परवापेक्षा बरं वाटतं. मला तरी.

१७ मार्च, मंगळवार
काल फोटो नाही. "मोबाईल चार्जिंगला हाय." आजही नाही. "बरं हाय गं, कशाला रोज बगायचं?"
याला खोटं बोलता येत नाही. बोलतो तेव्हा माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघतो.
बाटल्या तीस, तीस. राग त्यांच्यावर.

१८ मार्च, बुधवार
आज सोडलं नाही. डोक्याशी बसवलं आणि म्हटलं, "दाखवा."
"मधी काळं पडलंय," म्हणाला. "रुपायाएवढं. परवापास्नं."
दोन दिवस लपवलं! तोंडात आलं होतं, पण मी त्याच्याआधी तीन दिवस लपवलं. कोणत्या तोंडाने बोलू?
फोटो बघितला. काळं म्हणजे मेलेली कातडी. भीती वाटली. खूप वाटली, अजून वाटते. डॉक्टरांना फोन केला. उद्या पाडवा, परवा सकाळी या म्हणाले, ते काढून आत बघावं लागेल.
"सरांना स्पर्धेतनं नाव काढाय सांगू का?"
"परवा बघू."
मग म्हटलं, "परवा मला कुणी उचलायचं नाही. गाडीतल्या गादीवर मी माझी सरकेन. पालथी."
"कशी सरकशील?"
दंड फुगवून दाखवला. तो हसला नाही. बोटांनी दाबून बघितला, बराच वेळ.