पांढऱ्याचं ठेवतो वो

२६ एप्रिल १९९८, रविवार

फ्रीजला वास येतोय. दार उघडलं की थेट नाकात. सकाळी सगळं बाहेर काढलं, कोमट पाण्यात सोडा घालून आतून पुसला. दाराच्या रबरात जुना टूथब्रश फिरवला. मागचा पाण्याचा ट्रेसुद्धा घासला. सायीचं झाकणाचं भांडं बाहेरून पुसून परत मागं ठेवलं. लेकासाठी, महेशसाठी साठवलेली साय. तो आला की लोणी काढून त्याच्यासमोर तूप कढवायचं.

दुपारी समोरची शालन बर्फाला आली. तिच्याकडे फ्रीज नाही, म्हणून रोज दोन खेपा. तिलाच वास घ्यायला लावला. "न्हाय वो काकू, तुमचं नाकच लई तिखट." खूप हसलो. दिवसभरात बोलणं झालं ते एवढंच.

२९ एप्रिल

वास आहेच. वाटीत सोडा ठेवला, लिंबाच्या फोडी ठेवल्या. आता लिंबू आणि वास, दोन्ही येतं. म.चा बडोद्याहून फोन. दहा मेला येईन, पण रजेचं नक्की नाही. पाडव्यालाही असंच म्हणाला होता.

३ मे, रविवार

आज जे केलं ते लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

मी न्हाणीत होते. शा. स्वयंपाकघरातून ओरडली, "काकू, पांढऱ्याचं ठेवतो वो फ्रीजात! सांजच्याला न्हेतो!" आणि गेली.

पांढऱ्याचं! रविवार, तिच्याकडे मटण. म्हणजे पांढरा रस्सा, माझ्या फ्रीजात. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. अंगावर काटाच आला. वास कुठून येत होता ते कळलंच, असं वाटलं. डब्याला हात न लावता सांडशीनं धरून बाहेर कट्ट्यावर ठेवला. भर उन्हात.

ती आली तेव्हा नळावर चार बायका. मी शाळेत वर्गावर आवाज चढवायचे तसा चढवला. लिंगायताच्या घरात मटण ठेवताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

तिनं डबा उचलला, झाकण काढून माझ्या नाकापुढं धरला. "मटान हाय व्हय ह्यात? वाटण हाय पांढऱ्याचं. खोबरं, खसखस, तीळ. मी मटान आनीन व्हय तुमच्या घरात? अकरा वरसं झाली की!"

वाटण उन्हानं आंबलं होतं. तिनं ते गटारीत ओतलं आणि गेली. 'वाटण' हा एक शब्द ती आधी बोलली नाही, आणि त्या जागी मी माझ्या मनानं 'रस्सा' भरला.

४ मे

शा. आली नाही. तरी मन हट्टी. म्हटलं, वाटणाचं असेल बाई खरं, पण मग वास कशाचा?

५ मे

सापडलं. सायीचं भांडं. झाकण काढलं आणि मागं सरले. पिवळी-हिरवी बुरशी, कडवट घाण. पाडव्याच्या आधी भरलं होतं. तो आला नाही, मग तो येईल तेव्हा, म्हणून झाकण उघडलंच नाही. रोज एक वाटी दूध लागतं मला. त्या दुधाची साय साठवून साठवून सडवली आणि नाव घेतलं शा.चं.

लाज वाटते. स्वतःशीच लिहितानाही.

७ मे

फ्रीजात कोळशाचे दोन तुकडे ठेवलेत. वास पूर्ण गेला. आत आता दूध, दोन टोमॅटो, पाण्याच्या बाटल्या. शा. कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणताना दिसली. मान वळवून गेली. म.चा फोन, रजा नाही. ठीक आहे म्हटलं. सायीचं सांगितलं नाही.

१० मे, रविवार

समोरून रश्श्याचा वास. एरवी रविवारी मी त्या बाजूची खिडकी लावून घेते. आज उघडीच राहू दिली.

१२ मे

गेले. सकाळपासून तीनदा चप्पल घातली, काढली, चौथ्यांदा गेले. शा. दारातच तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "या पावणं, बसा."

पावणं. रस्ता विचारायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं.

उंबऱ्याच्या आत बसले. घर पहिल्यांदाच आतून बघत होते. अकरा वर्षं ती रोज माझ्या स्वयंपाकघरात, आणि मी इथं कधीच नाही. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पेला ठेवला, आणि बघत उभी राहिली. मटणाच्या घरचं पाणी मी पीत नाही हे तिला ठाऊक. हळदीकुंकवालासुद्धा दारातूनच परत फिरायचे मी.

पेला भरला. सगळं पाणी प्याले. ती परत तांदूळ निवडायला बसली. म्हटलं, "चुकलं माझं. वास माझ्याच सायीचा होता."

तांदूळ निवडणं थांबलं. मग परत सुरू झालं.

उठताना म्हटलं, "बर्फाला ये गं."

"बगू की," म्हणाली. काकू म्हणाली नाही. पण पावणंही म्हणाली नाही.