पाहुण्याच्या मुक्कामाबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ज्येष्ठ नागरिक निवास,
कार्यालय, तळमजला.

विषय : अर्जदार, अर्जदाराची नणंद व ‘पाहुणा’ नावाचा कुत्रा यांना दोन खाटांच्या एकाच खोलीत राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) कुत्रा सोबत आणण्यास आपण दिलेली लेखी परवानगी.
२) ‘परक्या पाहुण्यास रात्री खोलीत ठेवल्याबद्दल’ अर्जदाराच्या नणंदेस आपण बजावलेली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही न्यायालयातील सेवानिवृत्त टंकलेखिका असून आपल्या निवासात तळमजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत राहते. सगळी नोकरी दुसऱ्यांचे अर्ज टंकण्यात गेल्यामुळे अर्जात ‘मी’ लिहायला तिची बोटे धजत नाहीत. सबब ती स्वतःला अखेरपर्यंत अर्जदारच म्हणणार आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

२. अर्जदाराची नणंद, म्हणजे दिवंगत पतीची बहीण, ही सेवानिवृत्त परिचारिका असून दुसऱ्या मजल्यावर राहते. अर्जदार तिला ‘वन्सं’ म्हणते. म्हणजे म्हणायला हवे. परंतु लग्न होऊन त्यांच्या घरात आल्यापासून तशी हाक मारण्याची वेळ फारशी आली नाही. कारण असे की, अर्जदार सासरी आली त्याच आठवड्यात वन्संनी शेजारणीला सांगितले, “वहिनीच्या हाताला वेग आहे, चव नाही.” अर्जदार दाराआडच उभी होती. तेव्हापासून दोघींमध्ये विस्तव जाईना. भांडण म्हणावे तर तेही नाही, कारण भांडायला बोलावे लागते.

३. पती हयात होते तोवर काही अडले नाही. ते घड्याळे दुरुस्त करत. एका डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसलेले असत आणि दोन्ही बाजूंनी निरोप येत. “तुमच्या बहिणीला सांगा, गॅस संपत आलाय.” “तुझ्या बायकोला विचार, खिडकी उघडू का.” ते मान वर न करता दोन्हीकडे “बरं” म्हणत. निरोप तसाही पलीकडे ऐकू गेलेलाच असे.

४. याच गृहस्थांच्या मागोमाग एके दिवशी दुकानापासून घरापर्यंत कुत्र्याचे एक पिल्लू आले. “पाहुणा आहे, उद्या जाईल,” असे त्यांनी दोघींना वेगवेगळे सांगितले. तो गेला नाही. नाव मात्र चिकटले.

५. पुढे पती गेले. माणसे येऊन गेली, घर रिकामे झाले आणि दोन बायका एका टेबलाच्या दोन टोकांना गप्प बसल्या. शेवटी वन्संनी खाली बघून म्हटले, “पाहुण्या, तुझ्या मालकिणीला सांग, चहा गार होतोय.” अर्जदाराने चहा घेतला आणि पाहुण्यालाच सांगितले की साखर बरोबर आहे. तेव्हापासून घराचा सगळा कारभार, दुखण्याखुपण्यापासून विजेच्या बिलापर्यंत, त्याच्या मार्फत चालला. अलीकडे त्याला ऐकू येईनासे झाले आहे. त्यानेही व्यवहारात काही फरक पडला नाही.

६. वन्संचे गुडघे जिने चढेनात, म्हणून अर्जदाराच्या मुलीने हा निवास शोधून काढला. नाव नोंदवताना आपल्या लिपिकांनी विचारले की एकत्र खोली हवी का. दोघींनी पाहुण्याकडे बघून “नको” म्हटले आणि लिपिकांनी तसे लिहून घेतले. लिपिकांची यात काही चूक नाही. चूक झाली हे दोघींना त्याच संध्याकाळी कळले. पण ते एकमेकींना सांगणार कसे? पाहुणा लिफ्टच्या दाराशी जाऊन बसला आणि काही केल्या उठेना.

७. यावर दोघींनी न बोलता असा तोडगा काढला की, दिवसा तो खाली अर्जदाराकडे राहील व झोपायला वर वन्संकडे जाईल. वन्संचा आवाज आयुष्यभर वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवावा लागल्याने आजही भिंतीपलीकडे जातो. शेजारच्या खोलीतील निवृत्त हेडमास्तरांनी तो ऐकला. “पाहुण्या, सरक जरा तिकडे, सगळी चादर एकट्यानेच ओढतोस,” असे स्पष्ट शब्द कानी पडल्यावर त्यांनी कार्यालयात कळवले, यात त्यांचाही दोष नाही. आपल्या परवानगीत ‘कुत्रा एक, तपकिरी’ एवढेच लिहिलेले आहे.

८. नोटीस वाचून वन्संची हसून हसून मुरकुंडी वळली. या वयात आपल्यावर असा आरोप होऊ शकतो, याचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. त्यांनी ती नोटीस मजल्यावर सर्वांना वाचून दाखवली. हेडमास्तरांनी येऊन माफी मागितली.

९. तथापि खुलासा झाल्यावर आपण आदेश दिला की, परवानगी अर्जदाराच्या खोलीपुरती असल्याने कुत्र्याने तेथून हलू नये. इथेच घोडे अडले. त्याला नेता-आणताना दोघींचे जे बोलणे होई, ते बंद पडले. भोजनगृहात प्राण्यांना मज्जाव आहे. दोघी समोरासमोर बसतात, मध्ये कुणीच नाही. अर्जदाराने काही दिवस मिठाच्या भांड्याशी बोलून पाहिले. वाढणाऱ्या बाईंनी ते काळजीने उचलून नेले. मग हेडमास्तरांना मध्यस्थ केले. ते आनंदाने तयार झाले, पण निरोप पोचवताना व्याकरण सुधारतात. त्यामुळे टोमणा हा टोमणा राहत नाही आणि ऐकणारीला उगाच कौतुक केल्यासारखे वाटते. चार-दोन दिवसांत दोघी पुन्हा गप्प झाल्या. वन्संचे जेवण कमी झाले. अर्जदाराला ते दिसत होते आणि विचारता येत नव्हते.

१०. अशात गेल्या आठवड्यात पाहुण्याच्या पोटावर गाठ आढळली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया ठरवली. अर्जदार दवाखान्याच्या बाकावर बसून होती. तेवढ्यात रिक्षातून उतरून, काठी टेकत, वन्सं आल्या आणि शेजारी बसल्या. आतले दार बंद. दोघींच्या मध्ये पाहुण्याचा रिकामा पट्टा होता. वन्संनी सवयीने खाली पाहिले. खाली कुणी नव्हते. मग त्या मान वळवून म्हणाल्या,

“वहिनी, तुला थंडी वाजतेय का?”

अर्जदार म्हणाली, “नाही, वन्सं.”

“मग पदर का असा घट्ट लपेटून बसलीस?”

वन्संनी आपली अर्धी शाल अर्जदाराच्या खांद्यावर टाकली आणि हात हातात घेऊन, नाडी बघतात तसा धरून ठेवला. डॉक्टर बाहेर येऊन “ठीक आहे” म्हणेपर्यंत सोडला नाही. गाठ साधी निघाली. दोघींचा जीव भांड्यात पडला.

११. यानंतर सर्व काही बदलले, असे अर्जदार म्हणणार नाही. खोटे लिहिण्याची तिला सवय नाही. परत येताना पाहुणा मध्ये होता आणि दोघी रिक्षाभर त्याच्याशीच बोलल्या. परंतु डॉक्टरांनी निघताना अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले आहे की, वय झाले आहे, आता जितके दिवस राहील तितके आपले. तो गेल्यावर या दोघी पुन्हा टेबलाच्या दोन टोकांना बसतील, ही भीती अर्जदारास वाटते. बाकावरचा तो प्रसंग पाहता, त्यांना थेट बोलणे जमण्यासारखे आहे. फक्त सराव हवा, आणि चुकले तर सावरून घ्यायला तो जवळ हवा. हा सराव त्याच्या हयातीतच व्हायला पाहिजे.

१२. सबब विनंती की, पहिल्या मजल्यावर रिकामी झालेली दोन खाटांची खोली अर्जदार व नणंद यांना देण्यात यावी आणि कुत्र्याची परवानगी त्या खोलीच्या नावे करावी. लिपिकांनी पूर्वी लिहून घेतलेले “नको” रद्द समजावे. तसेच परवानगीत कुत्र्याचे नाव नमूद करावे, म्हणजे पुढील नोटीस टळेल; मात्र पहिली नोटीस मागे घेऊ नये, अशी वन्संची इच्छा आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
अर्जदार
(तळमजला, कोपऱ्याची खोली)

दिनांक : कार्यालयाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) प्राण्यांच्या डॉक्टरांचा दाखला.
२) नोटिशीची प्रत. (मूळ नोटीस वन्सं द्यायला तयार नाहीत.)
३) नणंदेची संमती : तोंडी. ती त्यांनी आज सकाळी थेट अर्जदाराला सांगितली. पाहुणा त्या वेळी झोपलेला होता.