काचेत ठेवायची रॅकेट

बनशंकरी, बंगळूर
१८ सप्टेंबर १९९७

चि. प्राणेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण ऑफिसला जाण्याइतपत आहे. पाणी एक दिवसाआड येतं. दसऱ्याला हुबळीत तुझं बॅडमिंटनचं कोचिंग सेंटर सुरू होतंय हे वाचून बरं वाटलं. आठ वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शटलचे डबे विकलेस, आता स्वतःचं काहीतरी होतंय.

तू दोन कामं सांगितलीस. माळ्यावरची तुझी मोडकी रॅकेट पाठवायची. ती तू काचेच्या कपाटात ठेवणार आणि खाली लिहिणार, 'राज्याच्या निवड सामन्यात नशिबाने दगा दिला, तरी मी खेळ सोडला नाही.' दुसरं काम, रॅकेटचे भाग आणि त्यांचे उपयोग मुलांसाठी लिहून द्यायचे, का तर माझं अक्षर चांगलं. म्हणजे मला एवढंच चांगलं येतं! असो. आधी दुसरं काम उरकते.

मुलांना सांग, मुठीपासून सुरुवात करा. मुठीवर गुंडाळतात ती पट्टी म्हणजे ग्रिप. घाम टिपते, रॅकेट हातातून सटकू देत नाही. उजव्या हाताचा खेळाडू ती एका बाजूने गुंडाळतो, डावखुरा उलट्या बाजूने, नाहीतर पट्टीची कड बोटांखाली सुटत राहते. या रॅकेटची ग्रिप पहिली दोन वर्षं उलटी गुंडाळलेली होती. घरात डावखुरी मी एकटीच. एक्क्याऐंशी साली मी ज्युनिअर मुलींत राज्यात पहिली आले, म्हणून मामांनी ती मुद्दाम सिंगापूरहून आणली होती. अंतिम सामन्यात माझा टॉवेल धरून तूच उभा होतास रे.

मग दांडी. लवचिक असली तर थोड्या जोरानेही शटल लांब जातं. ताठ असली तर नेम चांगला लागतो, पण जोर आपला आपल्याला लावावा लागतो. मला ताठच आवडायची.

एक दिवस कॉलेजातून आले, तर माझी रॅकेट तुझ्या हातात. आप्पा म्हणाले, "खेळाडूंच्या कोट्यात त्याला बँकेत नोकरी लागेल गं. तुला काय, लग्न करून जायचं. स्वल्प समजून घे. सरी ना, चालेल ना?"

मी सरी म्हटलं. ग्रिप सोडवून उजव्या हाताची गुंडाळून दिली, तीही मीच. त्या दिवसापासून मी खेळले नाही. तुला ते कळलं तरी का, देव जाणे.

आता तारा. तारा बांधणं म्हणजे गटिंग. घट्ट बांधल्या तर शटल हवं तिथे पडतं, सैल बांधल्या तर ते जास्त उसळतं. फ्रेमच्या भोकांत प्लास्टिकच्या बारीक नळ्या असतात, त्यांच्यामुळे तार कडेला घासून तुटत नाही. दुकानदार तुझं गटिंग बिघडवायचा, म्हणून क्लबातल्या यंत्रावर मी ते शिकले. पाच वर्षं तुझं गटिंग केलं.

सगळ्या तारांचा ताण सोसते ती फ्रेम. तिला चीर गेली असेल तर गटिंग करायचंच नाही, हे गटिंगवाल्याचं पहिलं शास्त्र. म्हणून जुन्या तारा काढल्या की आधी तिच्यावरून नख फिरवून बघायचं.

इथपर्यंत लिहून उठले होते. उगीच डाळ निवडत बसले. आता लिहूनच टाकते.

अठ्ठ्याऐंशी साली निवड सामन्याच्या तीन दिवस आधी क्लबात निवड समितीचे एक गृहस्थ भेटले. तू माझी ओळख करून दिलीस, "ही माझी अक्का. गटिंग फार छान करते."

त्यांनी विचारलं, "खेळायच्या का कधी?"

तू हसलास. "छे! अक्का आणि बॅडमिंटन!"

दुसऱ्या दिवशी रॅकेट माझ्यापुढे टाकलीस, "तारांना बावीस पौंड ताण दे." मी तारा काढल्या, नख फिरवलं. वरच्या वळणावर ते अडकलं. रंगाखाली केसाएवढी चीर होती. मी ती नीट पाहिली, प्राणेश. उजेडात नेऊन पाहिली. आणि बावीस पौंड ताण दिला.

तिसऱ्या गेममध्ये तेरा-अकराने तू पुढे होतास. स्मॅश मारलास आणि फ्रेम चुरमडली. उसन्या रॅकेटने तुला एकही गुण मिळाला नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार झाला. घरी येऊन तू आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलास, तेव्हा तो ओसरला. तरी मी तोंड उघडलं नाही. बँकेची नोकरी हुकली तेव्हाही नाही. नऊ वर्षं तू नशिबाला बोल लावतोस आणि मी मान डोलावते.

याची मला लाज वाटते. पण तुझी माफी मागावी असं अजून मनापासून वाटत नाही. माझी कुणी मागितली?

रॅकेट वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. काचेत ठेव, नाहीतर फेकून दे. ठेवलीस तर खाली नशिबाचं नाव घालू नकोस. ते बिचारं त्या दिवशी तिथे नव्हतंच. काय लिहायचं ते तू ठरव. या पत्राखाली मात्र मला जे लिहायचं ते मी लिहिते.

तुला हरवणारी,
शुभदा
राज्य ज्युनिअर विजेती, १९८१