नावाचे पैसे

अण्णा,

परवा एक बाई आपल्या गाडीत मागे येऊन बसल्या. ठाण्याला मॉलच्या दाराशी गाडी उभी करून मी तुमच्या सुनेची वाट बघत होतो. मागचं दार उघडलं, दोन पिशव्या आत आल्या, पाठोपाठ बाई आल्या आणि फोनमधून डोकं वर न काढता त्यांनी मला चार आकडे सांगितले. ओटीपी. तुमच्या वेळी हे नव्हतं. आता भाड्याची गाडी फोनवरून बोलावतात आणि बसल्यावर ड्रायव्हरला आकडे सांगतात. आपली गाडी पांढरी, साधी, आणि याच मॉडेलच्या निम्म्या गाड्या भाड्याने फिरतात, त्यामुळे बाईंची तशी काही चूक नव्हती. तुमची नात तर कधीपासून म्हणते, पप्पा, आपली गाडी टॅक्सीच वाटते, शाळेच्या गेटपर्यंत नका आणू. मी हसून सांगायला हवं होतं, ताई, तुमची गाडी मागे असेल बघा. त्याऐवजी मी मान वळवून म्हणालो, "ओ मॅडम, मी ड्रायव्हर वाटलो का तुम्हाला?" बाई सॉरी सॉरी करत उतरल्या. ज्या कामावर आपलं घर चाललं, माझं शिक्षण झालं, त्या कामाचं नाव मी तोंडातून थुंकल्यासारखं टाकलं होतं. तुमची सून येऊन बसली तरी मी गाडी सुरू केली नाही. ती म्हणाली, काय झालं, मी म्हटलं, काही नाही.

तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. आपल्या घरात आत्मा वगैरे मानत नाहीत. तुम्हीच शिकवलंत, माणूस गेला की गेला, मागे राहतं ते त्याने केलेलं काम. म्हणजे हे पत्र पोचायची कुठलीच सोय नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही आपण दोघं काही फार बोलायचो असं नाही. तरी लिहितो.

मला आठवतं ते तुमचं सकाळी निघणं. कल्याण पूर्वेच्या चाळीतल्या त्या दीड खोलीत आई स्टोव्हवर चहा ठेवायची आणि तुम्ही आरशासमोर पांढऱ्या युनिफॉर्मची बटणं लावायचात. कॉलरची कड घासून घासून विरली होती, पण पांढरेपणात कमी नाही. तिथून कोलशेतला, खाडीकडच्या त्या कारखान्यात, मालकांची गाडी चालवायला. मी तिसरीत असताना मालकांनी परदेशी नावाची गाडी घेतली आणि चाळीत तुमची किंमत वाढली. गॅलरीत माणसं थांबवून विचारायची, काय हो, किती पळते? एसी कसा आहे? तुम्ही जेवताना आम्हाला सांगायचात, आज आपल्या गाडीला पॉलिश केलं, आज आपल्या गाडीचा टायर बदलला. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आपली कुठली? आपली ती चप्पल, दारात काढलीय ती." तुम्ही हसायचात. बॉनेटवरचं ते चिन्ह पुसायला तुम्ही वेगळं पिवळं फडकं ठेवलं होतं, ते कारखान्यात न ठेवता घरी आणायचात आणि रविवारी स्वतः धुवायचात. मीही काही कमी नव्हतो. वहीच्या मागच्या पानावर मी ते चिन्ह काढायचो आणि वर्गात सांगायचो, माझे वडील ही गाडी चालवतात.

आणि मग तो दिवस. मी चौथीत होतो, नऊ वर्षांचा. जिन्यावरून पडून पाय मोडला होता आणि मांडीपर्यंत प्लास्टर होतं. आई मला घेऊन ठाण्याला डॉक्टरांना दाखवायला आली होती. परतताना आम्ही माजिवड्याच्या बसथांब्यावर थांबलेलो. मे महिना, दुपारी दीड-दोनची वेळ, थांब्याला छप्पर नाही. आईने मला फुटपाथच्या कडेवर बसवलं होतं, पाय रस्त्याकडे लांब ठेवून, आणि स्वतः पदर पसरून माझ्यावर सावली धरली होती. तेवढ्यात सिग्नलला ती गाडी येऊन थांबली. काचा बंद. मागची सीट रिकामी, तिच्यावर पांढरा टॉवेल अंथरलेला. स्टिअरिंगवर तुम्ही. मी ओरडलो, "आई, अण्णा! आपली गाडी!" आणि हात हलवला. तुम्ही वळून बघितलंत. तुमची माझी नजरानजर झाली. मग तुम्ही समोर बघायला लागलात आणि सिग्नल सुटेपर्यंत समोरच बघत राहिलात. आईने माझा हात खाली घेतला. "ड्युटीवर आहेत ते," एवढंच म्हणाली. बस आणखी पाऊण तासाने आली.

अण्णा, मला सगळी कारणं माहीत आहेत. घरच्या कुणाला गाडीत बसवायचं नाही, हा मालकांचा नियम होता. तुमच्या आधीच्या ड्रायव्हरने मेहुणीला स्टेशनवर सोडलं म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं, हे तुम्हीच आईला सांगताना मी ऐकलं होतं. तुमची नोकरी गेली असती तर माझ्या प्लास्टरचंही काही खरं नव्हतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला कारणं कुठे दिसतात! त्याला रिकामी सीट दिसते. त्या संध्याकाळी तुम्ही मोसंबी घेऊन आलात, स्वतः सोलून एकेक फोड माझ्या हातावर ठेवलीत, आणि मी गपचूप खाल्ली. पुढच्या वर्षी नव्या वहीवर मी ते चिन्ह काढलं नाही.

मोठा झालो तो काटकसरीचा माणूस होऊन. लोक माझं कौतुक करतात त्याबद्दल. कंपनीत खरेदी विभागात आहे. काम सांगायचं तर, तीन कोटेशनं मागवायची, शेजारी शेजारी मांडायची, आणि कुणी नुसत्या नावाचे पैसे मागतोय का ते हुडकायचं. नावावर भाळणाऱ्या माणसांची मी मनसोक्त टर उडवतो. आमच्या सोसायटीत एकाने हप्त्यावर मोठी परदेशी गाडी घेतली. वॉचमन त्याला उठून गेट उघडतो आणि मला बसल्या बसल्या हात दाखवतो. त्या गृहस्थाने सर्व्हिसिंगच्या बिलाबद्दल तोंड वाकडं केलं की माझा दिवस चांगला जातो. हे सगळं शहाणपण आहे, असं मी तेरा वर्षांपूर्वी स्वतःला नीट पटवलं होतं, गाडी घ्यायची ठरली तेव्हा.

तेव्हा आपण डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये नुकतेच आलो होतो आणि तुम्ही निवृत्त झाला होतात. जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरले. तीन गाड्या, मायलेज, सर्व्हिसिंग, सुटे भाग, विकायला काढली तर काय येईल, सगळं आखून. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघत होतात. मग म्हणालात, "यात ती नाही धरलीस."

"कुठली?"

"मालकांची होती ती. नवी नको रे. जुनी मिळते आता, चांगल्या हातातली. मी बघून घेईन. इंजिन ऐकलं तरी कळतं मला."

मी सुरू झालो. जुनी परदेशी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, एक दिवा फुटला तर आपला महिन्याचा किराणा जाईल, अर्धे पैसे तर त्या बॉनेटवरच्या चिन्हाचे. अण्णा, तुम्ही आयुष्यभर ती गाडी चालवलेली. तिचं काय दुखतं, काय खुपतं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? माझे दोन आकडे तर सरळ चुकीचे होते, ते मला नंतर कळलं. तुम्हाला तेव्हाच कळले असणार. पण तुम्ही एक शब्दही खोडला नाहीत. माझं संपल्यावर फक्त म्हणालात, "तुझ्या आईला एकदा मागे बसवायचं होतं तिच्यात."

मी म्हणालो, "आई कुठल्याही गाडीत मागे बसेल, अण्णा. सीट ती सीट."

तुम्ही चष्मा काढून त्याची घडी घातलीत. "बरोबर आहे तुझं," म्हणालात. आई ओट्याशी होती. तिने नळ उगाच मोठा सोडला.

गाडी घ्यायला तुम्ही आलात. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, टायर दाबून बघितलेत, दार लावून आवाज ऐकलात आणि मनापासून म्हणालात, "चांगली आहे. दमाची आहे." पण ती चालवायला तुम्ही कधी बसला नाहीत. डोळ्यांचं निमित्त सांगायचात. शेवटी तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हाही तुम्ही माझ्या शेजारी पुढेच बसलात. एक सवय मात्र सुटली नाही. कुठे जायचं असलं की तुम्ही आधी जाऊन आईसाठी मागचं दार उघडून उभे राहायचात, एक हात वर धरून, डोकं लागू नये म्हणून. एकदा सोसायटीतले चारजण खाली उभे होते आणि मी तुमच्यावर खेकसलो, "अण्णा, काय हे? तुम्ही ड्रायव्हर आहात का आता?" तुम्ही हात खाली घेतलात. आईने त्यानंतर दार स्वतःच उघडायला सुरुवात केली. तुम्ही गेलात त्याआधीचं ते शेवटचं वर्ष होतं.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कारखान्याचे जुने मॅनेजर आले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, बावीस वर्षांत गाडीला ओरखडा येऊ दिला नाही माणसाने. मला इतका राग आला, की मी हात सोडवून घेतला आणि पाणी आणायला गेलो.

आता परवाचं सांगतो. त्या बाईंचा किस्सा मी जेवताना गंमत म्हणून सांगितला. नात खिदळली, सून हसली. आई हसली नाही. ताट घेऊन उठली आणि नंतर खोलीत मला बोलावून म्हणाली, "बस जरा. तुझ्या अण्णांनी सांगू नको म्हटलेलं. पण आता मी तरी किती वर्षं ठेवू पोटात?"

आणि तिने सांगितलं. त्याच शेवटच्या वर्षी, मी कामावर असताना, तुम्ही दोघं रिक्षाने शीळ रोडला गेला होतात, जुन्या गाड्या विकायला लावतात तिथे. तुम्ही ती गाडी शोधून काढलीत, त्याच नावाची, करड्या रंगाची. विकणाऱ्याकडून चावी घेतलीत, मागचं दार उघडलंत, आईला बसवलंत आणि पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसलात. गाडी सुरू केली नाहीत. आरशातून तिच्याकडे बघून विचारलंत, "बरं वाटतं का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! आत तापलेलं नुसतं. मी म्हटलं, काच उघडा आधी. ती सीट पण कसली, रुतत होते मी तिच्यात. मला काय त्याचं कौतुक रे! पण तुझ्या अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. मला म्हणाले, त्या दिवशी थांबायला हवं होतं मी. मी म्हटलं, पुरे आता, चला घरी, नात बालवाडीतून यायच्या वेळेला दार उघडायला कोणी नाही."

उतरताना त्या विकणाऱ्याने तुम्हाला विचारलं म्हणे, "तुमचे साहेब कधी येणार बघायला?" आणि तुम्ही म्हणालात, "विचारून सांगतो." येताना रिक्षात आईला बजावलंत, त्याला सांगू नको, त्याला वाटेल मी अजून त्या गाडीतच अडकलोय.

आई हे सांगून झोपायला गेली. आज सुट्टी टाकली आणि दिवसभर हे लिहीत बसलोय. वरचं वाचून बघितलं. वाचणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्या मुलाला काही ठाऊकच नव्हतं, आईने सांगितलं तेव्हा डोळे उघडले. असंच ठेवावं आणि संपवावं, असा मोह झाला. कुणाला पाठवायचंय? कोण उलटतपासणी घेणार आहे?

पण ते खरं नाही, अण्णा. त्या संध्याकाळी टेबलावर तुम्ही आईला मागे बसवायचं म्हणालात, तेव्हा मला सगळं कळलं होतं. कुठला दिवस, कुठला सिग्नल, ते सुद्धा. तुम्ही गाडी मागत नव्हतात, माफी मागत होतात. मला ते त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच मी नाही म्हणालो.