येते हं

४ ऑक्टोबर
अमेरिकेत सुखरूप पोचले. आयुषचं नवं घर छान आहे, वेस्ट विंडसरपासून बरंच आत, शेतांच्या गावात. कुंपणापलीकडे जुनं चर्च नि त्याची दफनभूमी. आयुष म्हणतो, आई, नेबर्स एकदम क्वाएट आहेत! त्यामुळेच घर स्वस्त पडलं, म्हणजे उत्तमच. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही. बुद्धवंदना घेतली. मेणबत्ती इशितानं, माझ्या नातीनं लावली.

७ ऑक्टोबर
चर्चच्या मार्थाबाई गावाचा इतिहास लिहितायत. थडग्यांवर इतकं शेवाळ की नावं लागत नाहीत. मी नि इशिता घासायला गेलो. जुने टूथब्रश मी टाकत नाही, ते कामी आले. फाटकाजवळची लहान शिळा मात्र कोरीच निघाली. चर्चच्या दप्तरात त्या जागेपुढे एवढंच आहे म्हणे : येणार आहे.
निघताना फाटकात सवयीनं म्हटलं, येते हं. जाते कसं म्हणायचं? बाईंनी अर्थ विचारला. इशितानं इंग्रजीत सांगितला. बाईंचा चेहरा उतरला. पोरीला दोनदा विचारून घेतलं. का?

९ ऑक्टोबर
कोऱ्या शिळेवर उभी रेघ. सून उपासना म्हणते, आई, स्क्रॅच असेल, चिल! मग रेघेत शेवाळ कसं? मी स्वतः घासली होती. मला त्या बाईचाच संशय येतो.

११ ऑक्टोबर
रेघ नव्हे, अक्षर. आता तीन आहेत. आय, एस, एच. एवढं मॅट्रिकला होतं. कडा झिजलेल्या, जुन्यापुराण्या. आयुषला घेऊन बाईंना जाब विचारला. त्यांनी हात पुढे केले, संधिवातानं वाकडे झालेले. म्हणाल्या, या फाटकात येईन म्हटलं की यावं लागतं. आयुष हसला. मी नाही.

१२ ऑक्टोबर
इशिताला ताप. डॉक्टर म्हणाले, व्हायरल. मांडीवर घेऊन विचारलं, बाईंना काय सांगितलंस गं? म्हणाली, आय ॲम कमिंग. बस. माझ्या 'येते'त 'मी' नव्हताच— पोरीनं तो घातला. बोलली ती, म्हणून शब्दही तिचा—

१३ ऑक्टोबर
पाच अक्षरं. एकच उरलंय. पोरीचे हात गार पडतायत—
फाटकात जाऊन सांगते. नॉट शी. आय. आजी.
पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही.
चप्पल घातली. इशितानं डोळे उघडले, विचारतेय, आजी, कुठे? काय सांगू? येते म्हणू? नि तिथून खरंच आले तर—